तारकर्लीहून एका दिवसात स्नॉर्केलिंग आणि आंबोली घाट: आधी काय, नंतर काय?

रंकाळा_७७

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तारकर्लीत मुक्काम आहे. शेवटचा अख्खा दिवस मोकळा आहे, त्यात मालवणला स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पालथं तरंगत पाण्याखालचं बघणं) आणि आंबोली घाट दोन्ही बसवायचंय. माणसं चार: आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई (६३). गाडी स्वतःची, साधी गिअरची हॅचबॅक. पर्याय असे:

अ) पहाटे निघून आंबोली, धबधबा, कावळेसादची दरी, दुपारी मालवणला परत येऊन पाण्यात.
ब) सकाळी पाण्यात, मग आंबोली, रात्री तारकर्लीला परत.

मुलीला पोहता येतं, मला येत नाही. चष्मा उणे साडेतीनचा. धबधब्याला तेव्हा पाणी असेल का? दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला परतायचंय.

---

मतलई

'अ' सोडूनच द्या. डिसेंबरात सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे किनाऱ्यालगतचं पाणी गुळगुळीत असतं. अकरा-बाराच्या सुमारास वारा फिरतो, खारा वारा सुटला की पाण्यावर लाटा उठतात आणि तळाची माती ढवळते. दुपारी बोट मिळेल, पण खाली दिसेल ते हिरवट धुकं. चांगल्या सकाळी पाच-सहा मीटरपर्यंत नजर जाते, मालवणात त्याहून जास्तीची अपेक्षा ठेवू नका. साडेसातला बोटीत बसायचं असं आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवा.

भरतीची वेळ तिथीवरून काढता येते. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ (पाऊण तास इकडेतिकडे धरा). एकादशी-द्वादशीला भरती सव्वाआठ-नऊला येते, ते स्नॉर्केलिंगला फार सोयीचं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जोरात चढतं-उतरतं आणि गढूळ होतं. अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती-ओहोटी) असतो, तेव्हा ओढ कमी.

पोहता न येणाऱ्याला लाइफ जॅकेट, धरायला रिंग आणि सोबत गाईड असतो, म्हणून चालतं. अडचण येते ती नळीत पाणी शिरल्यावर. माणूस घाबरून उभा होतो, डोकं वर काढतो आणि आणखी पाणी गिळतो. त्यामुळे आदल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात दहा मिनिटं एवढंच करा: तोंड पाण्यात, नळीचं रबर दातांनी हलकं धरलेलं, ओठ त्याभोवती बंद, श्वास फक्त तोंडानं. पाणी आलं तर 'टु' म्हणताना हवा जशी सुटते तसा जोरदार झटका द्यायचा, मान वर काढायची नाही. जॅकेटचे सगळे पट्टे आवळून घ्या. ढिलं जॅकेट कानापर्यंत वर येतं आणि पालथं पडून राहणंच अशक्य होतं.

मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकानं हवा आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. मुलीसाठी लहान मापाचाच मागा, 'पट्टा आवळला की बसेल' हे ऐकू नका. मिशी असेल तर मास्कच्या खालच्या कडेनं पाणी झिरपतं, तिथं थोडं व्हॅसलीन लावा. काचेला आतून थुंकी किंवा बेबी शाम्पूचा थेंब चोळून विसळला की वाफ धरत नाही.

चष्मा मास्कमध्ये बसत नाही, काड्यांमुळे कड सुटते. नंबरचे तयार मास्क मिळतात. पाण्याखाली वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे उणे तीनचाही भागेल. एकदाच वापरायच्या कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या तर बाहेर आल्यावर टाकून द्या आणि मास्कमध्ये पाणी शिरलं तर डोळे मिटून घ्या.

आणखी एक. माशांना बिस्किटं आणि पाव टाकू देऊ नका. गाईडनं दिलं तरी नको म्हणा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यात येतो, आणि प्रवाळाला वाघाइतकंच, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. त्यावर उभं राहायचं नाही, तुकडा उचलायचा नाही.

---

दाणोली_फाटा

समुद्राबद्दल वर आलंच आहे, मी रस्त्याचं सांगतो. 'ब' बरोबर, पण त्यातलं 'रात्री तारकर्लीला परत' काढून टाका. कोल्हापूरलाच जायचंय तर सामान गाडीत भरून निघा. आंबोली तुमच्या परतीच्या वाटेवर आहे. नाहीतर तोच घाट अंधारात उतराल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुठला तरी घाट चढाल.

मालवण ते कुडाळ धामापूरमार्गे साधारण २८ किलोमीटर, कुडाळ ते सावंतवाडी २२, तिथून आंबोली ३०. कागदावर ८० दिसतात, पण थांबे सोडून सव्वादोन तास धरा. अकराला मालवण सोडलं तर जेवण सावंतवाडीत. पेट्रोलही तिथंच भरा. मोती तलावाला फेरी आणि चितारआळीत लाकडी खेळणी एवढं करून अडीचला निघा.

दाणोली सोडली की चढ लागतो. गाडी दुसऱ्या-तिसऱ्यावर ठेवा, तिसऱ्यावर इंजिन गुरगुरायला लागलं की लगेच दुसरा. क्लच अर्धवट दाबून ओढू नका, चार माणसं आणि सामान घेऊन क्लचचा वास यायला वेळ लागत नाही. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आहे, पण समोरच्याला तो ठाऊक असेल असं समजून वळण घेऊ नका. आंधळ्या वळणावर हॉर्न, आणि आपली बाजू सोडायची नाही. धुकं आलं तर लो बीम आणि फॉग लॅम्प. हाय बीमनं समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून जाणारे बरेच भेटतील, त्यांचं अनुकरण नको. वळायचा इशाराच मागच्याला कळत नाही.

धबधब्याबद्दल स्पष्ट सांगतो: डिसेंबरात मुख्य धबधब्यावर धार असली तर असली. पावसात तो रस्त्यावर शिंतोडे उडवतो, पण तेव्हा, म्हणजे मेअखेर ते ऑगस्टअखेर, मालवणचं पाण्यातलं सगळं बंद असतं. दोन्ही एकत्र हवं असेल तर ऑक्टोबर हाच काय तो दुवा, आणि तेव्हाही समुद्र पुरता निवळलेला नसतो. डिसेंबरात आंबोलीला जायचं ते दरी बघायला. आधी कावळेसाद, तिथं साडेचार-पाचचं तिरकं ऊन छान पडतं, मग सूर्यास्त. हिरण्यकेशीचा उगम बघायचा असेल तर यातलं एक सोडावं लागेल. तीन ठिकाणं करायला गेलात की तिन्ही गाडीतूनच बघाल.

---

सहज_विचारतो

मालवणात सगळे 'स्कुबा'चीच (सिलिंडर लावून बुडी) जाहिरात करतात, पंधरा-वीस मिनिटांचं, पोहता न येणाऱ्यालाही. स्नॉर्केलिंगऐवजी तेच केलं तर काय बिघडलं?

---

मतलई

याच दिवशी नको, आणि कारण घाटच आहे. सिलिंडरमधली दाबाखालची हवा श्वासात घेतली की रक्तात आणि ऊतींत जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. वर हवेचा दाब कमी होताना तो बुडबुडे होऊन बाहेर पडू शकतो. एकाच साध्या डाइव्हनंतर ६०० मीटरच्या वर जायला किमान १२ तास थांबावं, असा संकेत डायव्हिंगवाले पाळतात. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. पंधरा मिनिटांच्या उथळ बुडीत धोका थोडा, हे खरं. पण गाडीतून दोन तासांत वर जाण्याचा बेत असताना तो घ्यायचा कशाला? स्नॉर्केलिंगमध्ये वरचीच हवा घेता, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. स्कुबा करायचंच असेल तर आदल्या सकाळी करा.

बोटीत बसल्यापासून उतरेपर्यंत जॅकेट अंगावर हवं, फक्त पाण्यात नव्हे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. माणसं मोजा, जॅकेटं मोजा. कमी पडत असतील तर त्या बोटीत चढू नका. दर ठरवताना बोट, मास्क, गाईड आणि व्हिडिओ यातलं काय धरलंय तेही आधीच विचारा.

---

रंकाळा_७७

सर्वांचे आभार. सामान घेऊनच निघतो. तीन शंका राहिल्या. कॅलेंडर बघितलं, आमच्या दिवशी सप्तमी आहे. सासूबाई पाण्यात उतरणार नाहीत, त्यांचं काय? आणि मुलीला बोटही लागते, घाटही लागतो.

---

मतलई

सप्तमी म्हणजे भरती पहाटे सव्वापाचला, ओहोटी साडेअकराच्या आसपास. तुम्ही उतराल तेव्हा पाणी ओसरत असेल, पण भांगाचे दिवस असल्यानं चढउतार थोडा आणि ओढ सौम्य. फक्त उशीर करू नका. नऊनंतर खडकांवर पाणी कमी होत जातं, गुडघे खरचटतात आणि प्रवाळावर पाय पडतो. सगळ्यांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. पालथं तरंगताना पाठ आणि पोटऱ्या भाजतात आणि ते संध्याकाळी कळतं. जेलीफिश लागलीच तर खाऱ्या पाण्यानंच धुवा, गोड्या नाही.

सासूबाईंसाठी मालवण जेट्टीवरून सिंधुदुर्गाची फेरी आहे. आत शिवराजेश्वराचं मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी बघून होतात. बोटीत चढउतार करताना मात्र कुणीतरी हात द्यायला हवं, म्हणून तुमच्यापैकी एकानं त्यांच्यासोबत जा आणि दुसऱ्यानं मुलीबरोबर पाण्यात.

---

दाणोली_फाटा

मुलीला सकाळी बोटीच्या दीड-दोन तास आधी पोळी किंवा केळं द्या; उपाशी पोटीही लागतं आणि भरल्या पोटीही. दुपारी सावंतवाडीत तळलेली सुरमई आणि सोलकढी समोर आली की हात आवरत नाही, पण तिला साधा वरणभातच. घाटात खिडकी उघडी ठेवा, मोबाइल बंद. गोळी द्यायची तर मात्रा डॉक्टरांना विचारून, आणि समुद्रातून बाहेर आल्यावरच. गोळीनं झोप येते. चालवणाऱ्यानं ती घ्यायचीच नाही. ओले केस कोरडे करून स्वेटर हाताशी ठेवा, ऊन उतरलं की वर गारठा असतो.

सूर्यास्तानंतर आजरा-गडहिंग्लज-संकेश्वर रस्त्यानं कोल्हापूर तीन तासांच्या आसपास. घाट वरच संपतो, पुढं उतार फार नाही. पण आंबोली-आजरा पट्ट्यात अंधारात गवे आडवे येतात. आजऱ्यापुढं गळीत हंगाम सुरू असतो, उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या मागे दिवा नसताना चालतात. समोरच्या गाडीच्या झोतात तुम्हाला ट्रॉली दिसतच नाही. साठच्या वर जाऊ नका. झोप येतेय असं वाटलं तर आंबोलीतच खोली घ्या, पण शनिवार-रविवार असेल तर दुपारीच फोन करून ठेवा.