रानभूमी आणि रणभूमी एकाच यादीत : अमेरिकेत ‘राष्ट्रीय उद्यान’ या नावाचे वजन घटले आहे का?

रानवाट :
अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आज चारशेहून अधिक स्थळे आहेत. त्यांत किनारे, रणभूमी, स्मारके, ऐतिहासिक घरे असे कितीतरी प्रकार असून ‘राष्ट्रीय उद्यान’ हे नाव त्यांपैकी केवळ ६३ स्थळांना आहे. या विविधतेला माझा आक्षेप नाही. नाव सैलपणे वापरण्याला आहे. सेंट लुईसमधील पोलादी कमान २०१८ मध्ये ‘गेटवे आर्च राष्ट्रीय उद्यान’ झाली. तिचा परिसर दोनशे एकरांनाही पुरत नाही, तर अलास्कातील रँगल–सेंट एलियसचा विस्तार, जोडलेला राखीव भाग धरून, सुमारे १ कोटी ३२ लाख एकर आहे. या दोहोंना एकच नाव द्यायचे, तर त्या नावाने वाचकाला नेमके काय कळते?

मोजपट्टी :
एकरांनी मोजण्याची ही पद्धत मला पटत नाही. मेसा व्हर्देला १९०६ मध्ये राष्ट्रीय उद्यान केले, ते कड्याच्या कपारीत बांधलेल्या प्राचीन वस्त्यांसाठी. हॉट स्प्रिंग्ज या आजच्या राष्ट्रीय उद्यानाची जमीन तर १८३२ मध्येच, म्हणजे यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान होण्याच्या ४० वर्षे आधी, राखून ठेवली गेली होती आणि तिथले लोकांचे आकर्षण स्नानगृहे हेच होते. मुळात यलोस्टोन तरी निर्मनुष्य कुठे होते? तिथे मूळनिवासी जमाती हजारो वर्षे वावरत होत्या. तेव्हा इकडे निसर्ग आणि तिकडे इतिहास, अशी रेघ आपण कागदावर ओढतो, जमिनीवर ती सापडत नाही.

रानवाट :
मेसा व्हर्देचा मुद्दा मान्य आहे. परंतु चूक दुरुस्त करण्याची उदाहरणेही त्याच देशात आहेत. ओक्लाहोमातील प्लॅट हे राष्ट्रीय उद्यान १९७६ मध्ये चिकासॉ राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रात विलीन करण्यात आले, आणि त्यामुळे तिथले झरे काही आटले नाहीत. मग कमानीच्या बाबतीत एवढा संकोच कशाला?

दगडफूल :
आपण दोघेही नावाच्या पाटीवरून भांडत आहात. १९३३ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या आदेशाने गेटिसबर्गसारख्या रणभूमी युद्ध खात्याकडून उद्यान सेवेकडे आल्या, त्याचा खरा लाभ पुढे मान्झानारसारख्या स्थळाला झाला. दुसऱ्या महायुद्धात दहा हजारांहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना तिथे डांबले होते. १९९२ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरले. देशाला लाज आणणारी अशी जागा जपायला स्वतंत्र खाते काढले असते, तर त्याला निधी कोण देता? आजच्या उद्यान सेवेची दुरुस्तीची थकलेली कामेच दोन हजार कोटी डॉलरांच्या वर गेली असताना ही भीती पोकळ नव्हे.

रानवाट :
एकाच सेवेने सारे सांभाळावे, हे मी नाकारलेले नाही. मान्झानारला कुणी ‘उद्यान’ म्हटले नाही, म्हणूनच तिथे जाणाऱ्याला आपण काय पाहायला आलो आहोत हे फाटकातच कळते. कमानीचे जुने नावही ‘जेफरसन राष्ट्रीय विस्तार स्मारक’ असे होते. लांबलचक खरे, पण ती कमान देशाच्या पश्चिमेकडील विस्ताराच्या स्मरणार्थ उभारली, ते त्यात स्पष्ट होते.