सल्ला हवाय: पोस्टडॉकवरून ग्रीन कार्ड, ईबी-१बी की एनआयडब्ल्यू?

बोंडफूल:
नमस्कार मंडळी, मी कीटकशास्त्रातली, पीएचडी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून, विषय कपाशीवरची गुलाबी बोंडअळी आणि बीटीला (कपाशीत घातलेल्या कीडनाशक जनुकाला) तिच्यात आलेली प्रतिकारशक्ती. आता टेक्सासमध्ये जे-१ वर (संशोधकांच्या तात्पुरत्या एक्सचेंज व्हिसावर) पोस्टडॉक करतेय, तिसरं वर्ष चालूय. पीआय (लॅबचे प्रमुख) म्हणतात रिसर्च सायंटिस्टची पोझिशन देतो, मग विद्यापीठ ईबी-१बी (नावाजलेल्या संशोधकांसाठी नोकरी देणाऱ्याने भरायचं ग्रीन कार्ड) करेल, पण एचआरला विचारलं की दर वेळी "बघू". एक वकील म्हणाला एनआयडब्ल्यू (देशहितासाठी नोकरीच्या ऑफरची अट माफ करणारं ग्रीन कार्ड) करा, दुसरा म्हणाला भारतात जन्मलेल्यांनी त्यावर पैसे घालू नयेत, रांग संपत नाही. १४ पेपर आहेत, सायटेशन्स ३०० च्या आसपास. नवरा जे-२ वर (जे-१ वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा), मस्कतला वाढलेला, मुलगी ४ वर्षांची. डीएस-२०१९ वर (जे-१ च्या मूळ कागदावर) दोन वर्षं मायदेशी राहायची अटपण लिहिलीय. आणि खरं सांगायचं तर विदर्भातल्या बोंडअळीचं अमेरिकेला काय पडलंय हे मला स्वतःलाच नीट मांडता येत नाहीये. कोणी यातून गेलंय का?

सह्यकडा:
आधी ती दोन वर्षांची अट बघा, बाकी सगळं नंतर. ती नुसती स्किल्स लिस्टमुळे (कुठल्या देशाला कुठली कौशल्यं परत हवीत त्या यादीमुळे) लागली असेल तर चांगली बातमी आहे, ९ डिसेंबर २०२४ पासून नवीन यादी आली त्यात भारत नाहीये आणि आधी आलेल्यांनाही ती लागू आहे. पण फेलोशिप भारत सरकारची किंवा अमेरिकन सरकारची असेल तर अट तशीच राहते, मग वेव्हर (माफी) काढावा लागतो. आय-१४० (ग्रीन कार्डची पहिली याचिका) भरायला अट आड येत नाही, पण एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि शेवटचा ग्रीन कार्डचा अर्ज आय-४८५ दोन्ही अडतात. तुमचं फंडिंग कुठून आहे?

बोंडफूल:
पीआयच्या ग्रँटमधून, तीपण कापूस उत्पादकांच्या संघटनेची. सरकारी काहीच नाही.

सह्यकडा:
मग बहुतेक सुटलात, तरी वकिलाकडून लेखी घ्या. पुढचं म्हणजे जे-१ वर असताना आय-१४० भरला आणि मग भारतात जाऊन स्टॅम्पिंगला (पासपोर्टवर व्हिसा घ्यायला) उभं राहिलं की अडचण होऊ शकते, कारण त्या व्हिसात परत जायचा इरादा गृहीत धरलेला असतो. विद्यापीठाच्या एच-१बीला लॉटरी नाही, वर्षात कधीही भरता येतो, तो आधी करून घ्या. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने १ लाख डॉलर लागले ते देशाबाहेर असलेल्यांच्या नव्या अर्जाला, आत राहून स्टेटस बदलणाऱ्यांना नाही, म्हणून एच-१बी हातात येईपर्यंत गावाकडे लग्न असो की काही, जाऊ नका.

रानजाई:
ताई, नवरा मस्कतला *वाढलाय* की *जन्मलाय*? हे फार महत्त्वाचं आहे. रांग पासपोर्टवर नाही, जन्मदेशावर ठरते, कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांच्या वर वाटा नाही म्हणून भारताची ईबी-२ (एनआयडब्ल्यू ज्यात येतं तो गट) दहा वर्षांहून जास्त मागे आहे. पण नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं, फक्त दोघांनी बरोबर अर्ज करायचा. आपल्याकडे गल्फमधली बरीच पोरं जन्मलेली मात्र सांगलीला नाहीतर चिपळूणला, आई बाळंतपणाला माहेरी आलेली असते ना, म्हणून विचारतेय.

बोंडफूल:
अगं तो धाकटा! मोठ्या दिरांच्या वेळी सासूबाई माहेरी आल्या होत्या, याच्या वेळी तिथेच राहिल्या. ओमानचा जन्मदाखला आहे, अरबीत. हे मला दोन्ही वकिलांनी विचारलंच नाही!!

रानजाई:
मग तुझा सगळा हिशोब बदलला. दाखल्याचं इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराच्या सही-प्रमाणपत्रासकट करून ठेव, नाव आणि तारीख पासपोर्टशी जुळतेय का ते आत्ताच बघ. बाकीच्या देशांच्या ईबी-२ लाही कधी कधी थोडं थांबावं लागतं पण भारताच्या तुलनेत ते काहीच नाही. दुसऱ्या वकिलाचा सल्ला तुला लागूच नाही.

मातीवाला:
मी मृदाशास्त्रात, एनआयडब्ल्यूवरून गेलोय आणि लॅबमधल्या पोरांच्या फायली वाचत असतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ईबी-१बीला सहापैकी दोन निकष, ३ वर्षांचा अनुभव आणि कायमस्वरूपी संशोधन पदाची लेखी ऑफर लागते, ठरावीक मुदतीची पोस्टडॉक त्यात सहसा बसत नाही, म्हणजे किल्ली एचआरकडे. एनआयडब्ल्यू आणि ईबी-१ए (असामान्य कर्तृत्वाचं ग्रीन कार्ड) स्वतःचं स्वतः भरता येतं. एनआयडब्ल्यूमध्ये २०१६ च्या धनसार निकालाचे तीन मुद्दे: काम देशाच्या महत्त्वाचं आहे का, ते पुढे न्यायला तुम्ही योग्य आहात का, आणि नोकरीच्या ऑफरची अट सोडणं देशाच्या फायद्याचं आहे का.

आता बोंडअळीचं. अहो तुमची केस विदर्भामुळेच मजबूत आहे! अमेरिकेने २०१८ मध्ये आपला कापूस पट्टा गुलाबी बोंडअळीमुक्त जाहीर केला, त्यात बीटी कापूस आणि वांझ पतंग सोडणं हे दोन्ही होतं. भारतात त्याच अळीने बीटीला दाद दिली नाही. ती प्रतिकारशक्ती कशी येते हे ज्या माणसाने शेतातून नमुने आणून तपासलंय तो माणूस ती परत येऊ नये म्हणून इथे हवाय. पहिल्या पानावर हेच लिहा, टेक्सास आणि अॅरिझोनाचा कापूस धरून.

३०० या आकड्याच्या मागे लागू नका. त्यातले सात-आठ पेपर काढा जिथे दुसऱ्या देशातल्या गटाने तुमची पद्धत *वापरली*, मेथड्समधलं ते वाक्य हायलाइट करून पान जोडा. प्रस्तावनेत कंसात बारा जणांबरोबर नाव आलं त्याला किंमत नाही. पत्रं पीआयचं एक पुरे, बाकीची तुम्हाला कधी न भेटलेल्यांची, आणि "हुशार, मेहनती" नको, "हिच्या कामामुळे आम्ही चाचणीत अमुक बदलला" असं हवं. दुसऱ्यांचे पेपर रिव्ह्यू केल्याबद्दल आलेल्या आभाराच्या ईमेल्स सगळ्या जपून ठेवा, ईबी-१ला परीक्षक म्हणून त्याच लागतात.

बोंडफूल:
खूपच मोलाचं लिहिलंत. ब्राझीलच्या एका गटाने माझी बायोअसे (अळीवर विषाचा परिणाम तपासायची चाचणी) जशीच्या तशी वापरलीय, त्यांना पत्रासाठी विचारू? ओळख नाही. आणि ईबी-१ए सोडूनच देऊ का?

मातीवाला:
ओळख नाही म्हणूनच विचारा, पेपरचा दुवा देऊन चार ओळींची ईमेल टाका. ईबी-१ए आत्ता नको, दहापैकी तीन निकष कागदावर बसतील पण २०१० च्या काझारियन निकालापासून नंतर पूर्ण फाइलचं वेगळं मूल्यमापन होतं, तिथे अडाल. आधी एनआयडब्ल्यू मंजूर करून घ्या, तिची प्रायॉरिटी डेट (रांगेतली जागा ठरवणारी तारीख) पुढे ईबी-१ केलं तरी तुमचीच राहते. घाई असेल तर प्रीमियम (जादा पैसे भरून लवकर निकाल) आहे, एनआयडब्ल्यूला ४५ कामाचे दिवस, ईबी-१ए आणि १बीला १५.

रानजाई:
आणि मुलीच्या वयाची काळजी नको, २१ च्या आतल्या मुलांचा अर्ज तुमच्याबरोबरच होतो. आय-४८५ भरल्यावर मात्र तिघांचं अॅडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत यायची परवानगी) आल्याशिवाय तिकिटं काढू नका.