मदत हवी आहे: मुलाला आइस हॉकीला घालू का? अमेरिकेत हा खेळ खरंच मागे पडलेला आहे का?

नमस्कार मंडळी,

आम्ही मिनेसोटात, सेंट पॉलच्या जवळच्या एका उपनगरात राहतो. नाशिकहून इथे येऊन तीन वर्षं झाली. मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत. त्याला आइस हॉकी खेळायची आहे. फॉर्म भरायला दहा दिवस उरलेत आणि आमच्या घरात एकमत होत नाहीये, म्हणून इथे विचारते आहे.

अडचण अशी की माझे धाकटे दीर डॅलसला असतात, मुलांच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द मानला जातो, आणि ते ठाम विरोधात आहेत. परवा फोनवर म्हणाले, "वहिनी, हॉकी इथे बघतं कोण? फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल सोडून चौथ्या नंबरच्या खेळात पोराला कशाला अडकवताय? उद्या दुसऱ्या राज्यात नोकरी लागली तर तिथे बर्फही नसेल आणि खेळायला सोबतीही नसेल." त्यांची दोन्ही मुलं बास्केटबॉल खेळतात. शाळेतच खेळतात, वेगळा खर्च नाही.

आकडे बघितले तर त्यांचं चूक नाही. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या २०१७ च्या पाहणीत आवडता खेळ कोणता असं विचारलं, तेव्हा शंभरात ३७ लोकांनी फुटबॉल (म्हणजे इथला अमेरिकन फुटबॉल) सांगितला, ११ जणांनी बास्केटबॉल, ९ जणांनी बेसबॉल, ७ जणांनी सॉकर आणि हॉकी फक्त ४ जणांनी. म्हणजे चौथासुद्धा नाही, पाचवा. टीव्हीचं तर विचारूच नका. २०२५ चा सुपर बोल, म्हणजे त्या फुटबॉलचा अंतिम सामना, १२ कोटींहून जास्त लोकांनी बघितला आणि त्याच वर्षीच्या स्टॅन्ली कपच्या, म्हणजे हॉकीच्या सर्वोच्च करंडकाच्या, अंतिम मालिकेला अमेरिकेत सामन्यामागे सरासरी २५ लाख प्रेक्षक होते.

पण मी राहते त्या गावात हे चित्र दिसतच नाही. लेकाच्या वर्गात सोमवारी निम्मी मुलं हॉकीची जर्सी घालून येतात. मार्चमध्ये राज्यातल्या हायस्कुलांची स्पर्धा सेंट पॉलला भरते, १९४५ पासून भरते आहे, आणि शाळकरी पोरांचे ते सामने बघायला चार दिवसांत लाखावर माणूस येतं. शेजारचे आजोबा दर डिसेंबरला मागच्या अंगणात फळ्या ठोकून पाणी सोडतात आणि नातवंडांसाठी बर्फाचं मैदान तयार करतात. रात्री दहाला दिवा लावून पाइपाने पाण्याचा एकेक थर देत उभे असतात. सकाळी तो थर आरशासारखा होतो. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असते.

गेल्या जानेवारीत गावच्या उघड्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, मुलाला पहिल्यांदा घेऊन गेले. तिथे एक छोटी उबदार खोली असते, जमिनीला रबर, भिंतीला बाक. मी त्याच्या स्केटच्या नाड्या आपण बुटाच्या बांधतो तशा बांधल्या. तो उभा राहिला आणि दोन्ही घोटे आत वाकले. शेजारी बसलेल्या एका आजींनी न विचारताच त्याचा पाय आपल्या गुडघ्यांमध्ये धरला, पंज्यापासून वरपर्यंत एकेक फेरा आकड्याने खेचून घट्ट केला आणि घोट्यापाशी तर इतका आवळला की त्याने डोळे मिटले. मग तो बर्फावर उतरला, पडला, उठला, परत पडला. दीड तासाने मी ओढून घरी आणला. गाडीत त्याने एकच विचारलं, "आई, उद्या किती वाजता?"

मला जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा खेळ इतर खेळांच्या मागे का राहिला? त्याचा माझ्या मुलाच्या बालपणाशी काही संबंध आहे का? आणि खर्च, दुखापत यांचं वास्तव काय? अस्पेन इन्स्टिट्यूटच्या २०१९ च्या पाहणीत मुलांच्या खेळांमध्ये आइस हॉकी सगळ्यात महाग निघाली होती, एका मुलामागे वर्षाला सरासरी २,५८३ डॉलर. आमचं एकाच पगारावर घर चालतं, त्यामुळे तो आकडा वाचल्यापासून मला झोप लागत नाहीये.

डेट्रॉइटकर

ताई, मी इथे वीस वर्षं आहे, दोन्ही मुलं हॉकी खेळून मोठी झाली. तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो.

टीव्हीचा आकडा आणि मैदानावरचा आकडा वेगवेगळे बघा. एनएचएल (हॉकीची मोठी लीग) आणि एनबीए (बास्केटबॉलची), दोन्हींत प्रत्येक संघ साखळीत ऐंशीहून जास्त सामने खेळतो, दोन्ही लीग साधारण ऑक्टोबर ते जून चालतात आणि दोन्हीकडे सामन्याला सरासरी सतरा-अठरा हजार माणूस येतं. बऱ्याच शहरांत इमारतसुद्धा एकच असते. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन घ्या किंवा बोस्टनचं गार्डन. रात्री हॉकी संपली की बर्फ तसाच ठेवून त्यावर इन्सुलेशनचे तक्ते टाकतात, वर लाकडी फरशी जोडतात आणि दुसऱ्या दिवशी तिथेच बास्केटबॉल. त्याच छताखाली, तेवढ्याच खुर्च्या भरून. म्हणजे तिकीट काढून येणारा माणूस कमी नाही. कमी आहे तो घरी बसून बघणारा.

ते का, तर पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, तीन इंच रुंद आणि एक इंच जाड. जुन्या टीव्हीवर तो कुठे गेला ते कळायचंच नाही. १९९६ मध्ये फॉक्स वाहिनीने पकच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्स बसवून पडद्यावर त्याच्याभोवती निळी चमक दाखवली, जोरात मारला की मागे लाल शेपूट. नव्या प्रेक्षकांना बरं वाटलं असेल, जुने भयंकर चिडले, आणि दोन वर्षांत ते बंद पडलं. दुसरं कारण म्हणजे खेळाडू. बास्केटबॉलचा मोठा खेळाडू जवळजवळ पूर्ण सामना तुमच्यासमोर असतो, चेहरा उघडा. हॉकीत पाऊण मिनिट जीव तोडून खेळायचं आणि बाकावर जायचं. सगळ्यात मोठा फॉरवर्डसुद्धा साठ मिनिटांतली वीस-बावीस मिनिटं बर्फावर असतो, तोही हेल्मेट घालून. अशा खेळाचे चेहरे घराघरांत पोचणं अवघडच.

आणि मालक-खेळाडूंच्या भांडणात २००४-०५ चा अख्खा मोसम रद्द झाला, ही जखम वेगळीच. स्टॅन्ली कप दिलाच गेला नाही. ईएसपीएन या क्रीडावाहिनीने हात काढून घेतला आणि सामने अशा वाहिनीवर गेले जिथे तोपर्यंत मासेमारी आणि शिकारीचे कार्यक्रम लागायचे. ईएसपीएन परत यायला २०२१ उजाडलं. मधल्या काळात वाढलेली एक पिढी हॉकी न बघताच मोठी झाली. माझ्या मते लीगने स्वतःचं केलेलं सगळ्यात मोठं नुकसान हेच.

पण आमच्या गावाला यातलं काही लागू नाही. डेट्रॉइट स्वतःला हॉकीटाउन म्हणवतं. १९५२ मध्ये कप जिंकायला आठ विजय लागायचे, म्हणून आठ पायांचा ऑक्टोपस प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, कुणीतरी बर्फावर फेकला. आता सोळा विजय लागतात, तरी ऑक्टोपस अजून येतात.

ह्यूस्टनकर

वेगळं मत मांडतो. तुमच्या दिरांना एकदम खोडून काढू नका. मी टेक्सासचा, आणि इथल्या शुक्रवारच्या रात्री हायस्कूल फुटबॉलच्या असतात. गाव त्या दिवशी लवकर बंद होतं. ह्यूस्टन देशातलं चौथ्या क्रमांकाचं शहर, पण एनएचएलचा संघ नाही. अटलांटाने दोन संघ गमावले, १९८० मध्ये एक कॅल्गरीला गेला आणि २०११ मध्ये दुसरा विनिपेगला. अॅरिझोनाचा संघ शेवटची दोन वर्षं विद्यापीठाच्या पाच हजार खुर्च्यांच्या रिंकमध्ये खेळला आणि २०२४ मध्ये सॉल्ट लेक सिटीला गेला.

मूळ मुद्दा बर्फाचा आहे. बास्केटबॉलला एक चेंडू आणि एक रिंग पुरते, तीही कुठल्याही बागेत फुकट. हॉकीला दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद बर्फ लागतो, आणि आमच्याकडे तो बारा महिने वीज जाळून गोठवावा लागतो. त्यामुळे गरीब वस्तीतली मुलं या खेळापर्यंत पोचतच नाहीत, बहुतेक शाळांत संघ नसतो, आणि ज्या शाळेत संघ नाही तिथल्या पालकांना त्या खेळाची ओढ कुठून लागणार? एनएचएलमध्ये अमेरिकेत जन्मलेले खेळाडू शंभरात तीसच्या आसपास. बाकी कॅनडा आणि युरोपचे.

एक मात्र तुमच्या दिरांना नक्की सांगा. त्यांच्या डॅलसचा जो संघ आहे ना, तो मूळचा तुमच्याच मिनेसोटाचा. १९६७ पासून तिथे होता, १९९३ मध्ये उचलून इकडे आणला आणि इथे आल्यावर १९९९ मध्ये त्याने कप जिंकला. त्यानंतर डॅलसच्या उपनगरांत इतक्या रिंक झाल्या की बर्फ नसेल, सोबती नसतील ही काळजी त्यांनी करूच नये. फ्लोरिडाचं बघा. टॅम्पाने २०२० आणि २०२१ चे कप जिंकले, फ्लोरिडा पँथर्सने २०२४ आणि २०२५ चे. वेगसला तर २०१७ मध्ये संघ मिळाला आणि पहिल्याच मोसमात तो अंतिम फेरीत गेला.

टोरांटोकर

खर्च आणि दुखापतीबद्दल लिहिते, कारण खरी काळजी तीच आहे.

आठ वर्षांचं मूल माइट गटात येतं. त्या वयात पूर्ण रिंकवर सामने नसतात. बर्फाचे आडवे भाग पाडून छोट्या जागेत खेळवतात, त्यामुळे प्रत्येकाला पक मिळतो. अंगावर धडक मारायला, म्हणजे बॉडी चेकिंगला, तुमच्याकडे २०११ पासून बॅन्टम गटापर्यंत बंदी आहे. बॅन्टम म्हणजे तेरा-चौदा वर्षं. तुमच्या हातात अजून पाच वर्षं आहेत. गळ्याचं संरक्षक कवचही ऑगस्ट २०२४ पासून अठरा वर्षांखालच्यांना सक्तीचं झालंय. ते नवंच घ्या.

हेल्मेटही नवं, जाळीसकट. बाकी सगळं जुनं चालतं. मुलं वर्षाला एक माप पुढे जातात, त्यामुळे जुन्या सामानाच्या दुकानात मोसमभर वापरलेले स्केट्स, शिन गार्ड, ग्लोव्हज ढिगाने असतात. तुमच्याकडे हॉकीच्या पॅन्टला ब्रीझर म्हणतात, दुकानात तोच शब्द वापरा. स्केट्स वाढत्या अंगाचे म्हणून दोन मापं मोठे घेऊ नका, घोटा वाकतो. गावच्या हॉकी असोसिएशनला सामान उसनं मिळतं का आणि फीमध्ये सवलत आहे का, हे स्पष्ट विचारा. यात लाज नाही, त्यासाठीच ती सोय असते.

२,५८३ हा सरासरीचा आकडा आहे आणि तो फुगतो वरच्या वयाच्या फिरत्या संघांमुळे. हॉटेलं, उन्हाळी शिबिरं, दुसऱ्या राज्यांतले सामने. मिनेसोटाची पद्धत चांगली आहे, मूल ज्या गावात राहतं त्याच गावच्या असोसिएशनकडून खेळतं, त्यामुळे लहानपणी फार लांब जावं लागत नाही. गावात उघडी रिंक असेल तर सरावाचा निम्मा बर्फ तुम्हाला फुकट मिळतोय. इकडे माझ्या भाचीचे आईवडील त्यासाठी तासाप्रमाणे पैसे मोजतात.

आणि आपल्यासारख्यांची मुलं तिथे एकटी पडतील का, हे तुम्ही लिहिलं नाही, पण मनात असणार. एनएचएलमधला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू रॉबिन बावा, १९८९ मध्ये वॉशिंग्टनकडून उतरला. मग मॅनी मल्होत्रा आला, जुझार खैरा आला. आमच्याकडे २००८ पासून हॉकीचं पंजाबीत धावतं समालोचन होतं आणि गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीत लोक टोरांटोच्या लीफ्स संघाच्या पराभवाबद्दल बोलतात. एकटेपणा पहिल्या पिढीला येतो. पण कुणीतरी पहिलं असावं लागतं.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद मी नवऱ्याला आणि सासऱ्यांना वाचून दाखवले.

डेट्रॉइटकर दादा, मी चुकीच्या आकड्याशी भांडत होते हे तुमच्यामुळे कळलं. देशभराची सरासरी काढली की आमचं गाव त्यात विरघळून जातं. माझा मुलगा सरासरीत राहत नाही, तो या गल्लीत राहतो. इथे एक गोष्ट लिहायची राहिली होती. १९८० च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये लेक प्लॅसिडला अमेरिकेच्या ज्या कॉलेजकुमारांनी सोव्हिएत संघाला ४-३ ने हरवलं, त्या वीस जणांपैकी बारा मिनेसोटाचे होते आणि प्रशिक्षक हर्ब ब्रुक्सही सेंट पॉलचेच. शेजारच्या आजोबांनी तो सामना त्या रात्री बघितला होता. तो थेट दाखवलाच नव्हता, संध्याकाळी उशिराने लागला होता, तरी गोष्ट सांगताना त्यांचा आवाज अजून बदलतो.

दिरांशी काल बोलले. संघ मूळचा आमचा हे ऐकून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वहिनी, त्याला नाताळात इकडे पाठवा, मी सामना दाखवतो." त्यांचा होकार आहे असं मी धरते.

टोरांटोकर ताई, असोसिएशनला फोन केला. माइट गटाला अंगावरचं बरंचसं सामान पहिल्या वर्षी उसनं मिळतं, अनामत ठेवावी लागते. स्केट्स, हेल्मेट, गळ्याचं कवच आणि स्टिक आपलं. फी तीन हप्त्यांत देता येते. फॉर्म आज दुपारी भरला.

आता एकच विचारायचं आहे. जुने स्केट्स बघायला शनिवारी जाणार आहोत. त्याच्या बुटाचं माप दोन आहे. दुकानदार फोनवर म्हणाला की स्केट बुटापेक्षा एक-दीड मापाने लहान घ्यायचे. हे बरोबर आहे का? आणि जुन्या स्केटचं पातं अजून किती वर्षं चालेल हे हातात घेऊन कसं ओळखायचं? शनिवारच्या आत कुणी सांगितलं तर फार बरं होईल.