मदत हवी आहे: आईचे डोळे, विसराळूपणा आणि रोजचं ताट

नमस्कार मंडळी. आई ७२ वर्षांची, शुद्ध शाकाहारी. मागच्या महिन्यात तपासणीत डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाची झीज (मॅक्युलाची, ड्राय प्रकारची) निघाली. विसरायलाही लागली होती, म्हणून रक्त तपासलं तर बी-१२ अगदीच कमी. त्याची इंजेक्शनं सुरू झालीत. डोळ्यांसाठी एरेड्स-२ या डोळ्यांच्या मोठ्या अभ्यासातून ठरलेल्या सूत्राच्या गोळ्या आहेत: ल्युटीन १० मिग्रॅ, झियाझँथिन २ मिग्रॅ (ही दोन्ही डोळ्याच्या पडद्यात असणारी पिवळी रंगद्रव्यं), शिवाय जस्त, तांबं, क आणि ई जीवनसत्त्व. गेलेली नजर यानं परत येत नाही, झीज वाढण्याचा धोका कमी होतो, हे डॉक्टरांनी नीट समजावलं.

माझी अडचण ताटातली आहे. ल्युटीन पालेभाज्यांत भरपूर असतं, सोबत थोडं तेल-तूप असलं की ते जास्त अंगी लागतं. पण आईची कवळी सैल आहे, मेथीची भाजी चावत नाही. रोज पातळ भाजी केली तर दोन घासांत ताट सरकवते. फार जीव तुटतो. अळूचं फदफदं, पालकाची धिरडी करून झाली. मऊ आणि चवीचं आणखी काय करता येईल? जवस चटणीशिवाय कशात घालता? आणि संध्याकाळी फिरायला नेलं की अंधुक उजेडात ती घाबरते, तुमच्या घरी असं कुणी असेल तर काय सोय केलीत?