मदत हवी आहे: प्रथम कोटीचा समाकलित वेग नियम पाठ आहे, तरीही वेग स्थिरांक प्रत्येक वाचनाला वेगळा येतो

नमस्कार. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर मी रसायनशास्त्र पुन्हा पहिल्यापासून अभ्यासायला घेतले आहे. रासायनिक गतिकीच्या प्रकरणात गेले आठ दिवस एकाच ठिकाणी अडकले आहे. समाकलित वेग नियम मला पाठ आहे: नैसर्गिक लॉग (सुरुवातीची संहती ÷ उरलेली संहती) = के × वेळ. येथे के हा वेग स्थिरांक, आणि संहती म्हणजे ठरावीक आकारमानात पदार्थ किती आहे ते प्रमाण. सूत्रात किमती घालून उत्तर काढण्याची साधी गणिते जमतात, पण पुढील गणिताने माझी समजूत किती वरवरची आहे ते मला दाखवून दिले.

अ हा वायू बंद पात्रात, स्थिर तापमानाला, ब आणि ड या दोन वायूंत विघटित होतो: अ → ब + ड. सुरुवातीला पात्रात फक्त अ आहे आणि दाब ४०० मिलिमीटर (पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीत) आहे. नंतरचे दाब असे दिले आहेत: १० मिनिटांनी ४७२.५, २० मिनिटांनी ५३१.९, ४० मिनिटांनी ६२०.३ आणि ६० मिनिटांनी ६७९.५ मिलिमीटर. अभिक्रिया प्रथम कोटीची आहे हे दाखवून वेग स्थिरांक काढायचा आहे, आणि दाब ७६० मिलिमीटर केव्हा होईल तेही सांगायचे आहे.

वायूचा दाब संहतीच्या समप्रमाणात असतो, म्हणून मी संहतीच्या जागी दाब घातले. उत्तर ऋण आले. चिन्ह बाजूला ठेवून पाहिले, तर के ची किंमत मिनिटाला अनुक्रमे ०.०१६७, ०.०१४२, ०.०११० आणि ०.००८८ अशी घटत जाते. पुस्तकातील उत्तर सर्व वाचनांसाठी ०.०२०० आहे. जो स्थिरांक आहे तो असा घसरत जातो, म्हणजे माझे मुळातच काहीतरी चुकते आहे.

त्याशिवाय दोन शंका आहेत. पहिली, या सूत्रात लॉगरिदम येतो तो नेमका कशामुळे? समाकलनाचे नियम लावून तो येतो हे मी वहीत करून पाहिले आहे, पण हाताला जमलेली गोष्ट मनाला पटलेली नाही. दुसरी, डायनायट्रोजन पेंटॉक्साइडच्या विघटनाचा वेग स्थिरांक दोन पुस्तकांत एकाच तापमानाला वेगवेगळा दिसला आणि एक किंमत दुसरीच्या बरोबर दुप्पट होती. छपाईची चूक असती तर फरक इतका नेमका नसता, असे मला वाटते.

पहिला प्रतिसाद

तुमचा प्रश्न नीट मांडलेला आहे आणि वहीतील आकडे दिल्यामुळे चूक कोठे आहे ते लगेच दिसते. पण ती सांगण्याआधी लॉगरिदमची शंका घेतो, कारण माझ्या मते तीच या सगळ्याच्या मुळाशी आहे.

प्रथम कोटी म्हणजे एवढेच की कोणत्याही क्षणी अभिक्रियेचा वेग त्या क्षणी शिल्लक असलेल्या अभिक्रियाकारकाच्या समप्रमाणात असतो. तुमच्या गणितात के मिनिटाला ०.०२० आहे, म्हणजे सुरुवातीला अ चा दाब मिनिटाला ०.०२० × ४००, म्हणजे ८ मिलिमीटर या वेगाने कमी होतो. हाच वेग टिकला असता तर अ बरोबर ५० मिनिटांत संपला असता. परंतु अ कमी होताच वेगही कमी होतो, आणि अडचण येथूनच सुरू होते: वेग क्षणोक्षणी बदलत असेल, तर हिशेबात कोणता वेग धरायचा?

समाकलन क्षणभर विसरा आणि हिशेब टप्प्याटप्प्याने करा. दहा मिनिटांचा एक टप्पा धरून, त्या टप्प्याच्या आरंभीचा वेग टप्पाभर तसाच राहतो असे माना. मग प्रत्येक टप्प्यात २० टक्के अ नाहीसा होतो आणि दाब ४०० वरून ३२०, २५६, २०४.८ असा उतरत ४० मिनिटांनी १६३.८ होतो. हे उत्तर खऱ्यापेक्षा कमी आहे, कारण टप्प्याच्या आतही वेग मंदावत असतो आणि आपण ते लक्षात घेतलेले नाही. टप्पा पाच मिनिटांचा केला तर ४० मिनिटांनी १७२.२ उरतात, एका मिनिटाचा केला तर १७८.३. टप्पा लहान करत नेला की उत्तर १७९.७ च्या जवळ जाऊन स्थिरावते. तुम्ही वहीत जे समाकलन केले, ते म्हणजे टप्पा शून्याकडे नेण्याचे हेच काम, एका झटक्यात केलेले.

आता प्रत्येक टप्प्यात काय घडले ते पाहा. आपण वजाबाकी केली असे वाटले, तरी प्रत्यक्षात दर वेळी एकाच संख्येने गुणले: दहा मिनिटांच्या टप्प्यात ०.८ ने, एका मिनिटाच्या टप्प्यात ०.९८ ने. समान वेळेत समान गुणोत्तर. वेळ बेरजेने पुढे सरकतो आणि संहती गुणाकाराने खाली येते. गुणाकाराचे बेरजेत रूपांतर करणारी क्रिया म्हणजे लॉगरिदम, म्हणून संहतीचा लॉगरिदम घेतला की तो वेळेबरोबर सरळ रेषेत उतरतो. चक्रवाढ व्याजाचे गणित उलट्या दिशेने चालवावे, तसे हे आहे. नैसर्गिक लॉगऐवजी दहा पायाचा लॉग वापरला तर २.३०३ हा गुणक येतो. ती दहाच्या नैसर्गिक लॉगची किंमत आहे, रसायनशास्त्राशी तिचा काही संबंध नाही.

याच विचारातून लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये आम्लाच्या उपस्थितीत होणाऱ्या उसाच्या साखरेच्या विघटनाचा वेग मोजला आणि त्यासाठी विकलनाचे समीकरण लिहिले. द्रावण ध्रुवित प्रकाशाचे (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचे) प्रतल किती अंशांनी वळवते, यावरून उरलेली साखर किती हे त्याने ठरवले. तुमच्या चुकीशी याचा जवळचा संबंध आहे: त्यानेही संहती थेट मोजली नव्हती, संहतीशी निगडित दुसरीच राशी मोजली होती. तुमच्या गणितात दिलेला दाब कोणाचा आहे, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारून पाहा. उत्तर मुद्दाम देत नाही.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. टप्प्यांचा हिशेब मी स्वतः करून पाहिला. अर्ध्या मिनिटाचा टप्पा घेतल्यावर १७९ येतात, आणि लॉगरिदम कोठून आला हे आज पहिल्यांदा डोळ्यांसमोर उभे राहिले.

दाबाबद्दल असे लक्षात आले की दिलेला दाब तिन्ही वायूंचा मिळून एकूण दाब आहे. अ चे विघटन होत असताना दाब वाढतो, यावरूनच मला ते कळायला हवे होते. सूत्रात मात्र फक्त अ चा आंशिक दाब जायला हवा. अ चा दाब क्ष ने कमी झाला, तर ब चा दाब क्ष आणि ड चाही क्ष होतो, म्हणून एकूण दाब ४०० + क्ष. यावरून १० मिनिटांनी क्ष = ७२.५ आणि अ चा दाब ३२७.५. नैसर्गिक लॉग (४०० ÷ ३२७.५) म्हणजे ०.२०००, त्याला १० ने भागले की ०.०२००. वीस मिनिटांनी अ चा दाब २६८.१, चाळीस मिनिटांनी १७९.७ आणि साठ मिनिटांनी १२०.५ येतो, आणि प्रत्येक वेळी के ०.०२०० च येतो. टप्प्यांच्या हिशेबातील १७९.७ येथे पुन्हा भेटले तेव्हा झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही.

आता एक नवी शंका. ०.६९३ ला ०.०२० ने भागून अर्धायुकाल ३४.७ मिनिटे आला. सुरुवातीचा दाब ८०० असता तरी तो ३४.७ मिनिटेच राहिला असता, असे सूत्र म्हणते. दुप्पट पदार्थ निम्मा व्हायला तेवढाच वेळ का लागावा?

दुसरा प्रतिसाद

पदार्थ दुप्पट असला की संपवायचा भाग दुप्पट होतो, पण प्रथम कोटीत वेगही दुप्पट होतो, आणि दोन्ही दुपटी एकमेकींना छेदतात. रेणूच्या बाजूने विचार केला तर ते अधिक स्पष्ट होते. प्रथम कोटीत प्रत्येक रेणूची पुढच्या मिनिटात विघटित होण्याची शक्यता ठरलेली असते, आणि आजूबाजूला आणखी किती रेणू आहेत याचा त्या शक्यतेवर परिणाम होत नाही. किरणोत्सर्गी केंद्रकांचा ऱ्हास याच नियमाने होतो. म्हणून कार्बन-१४ चा अर्धायुकाल ५७३० वर्षे असे आपण नमुन्याचे वस्तुमान न सांगताही म्हणू शकतो. शून्य कोटीत मात्र वेग पदार्थाच्या प्रमाणावर अवलंबून नसल्यामुळे दुप्पट पदार्थाला दुप्पट अर्धायुकाल लागतो, आणि द्वितीय कोटीत, म्हणजे वेग संहतीच्या वर्गाच्या समप्रमाणात असतो तेव्हा, उलट दुप्पट संहतीला अर्धायुकाल निम्मा होतो.

यातूनच कोटी तपासण्याची एक चांगली रीत मिळते. प्रथम कोटीत दाब ४०० वरून २०० वर यायला जितका वेळ लागतो तितकाच २०० वरून १०० वर यायला लागतो. द्वितीय कोटीत दुसऱ्या टप्प्याला पहिल्याच्या दुप्पट वेळ लागतो. म्हणून अभिक्रिया निम्मी होण्याआधीच वाचने थांबवू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. तोपर्यंत प्रथम कोटीचा (संहतीचा लॉगरिदम विरुद्ध वेळ) आणि द्वितीय कोटीचा (१ ÷ संहती विरुद्ध वेळ) असे दोन्ही आलेख इतके जवळ असतात की मोजणीतील थोड्याशा चुकीमुळेही दोन्ही सरळ भासतात. तुमच्या गणितात साठाव्या मिनिटापर्यंत सुमारे ७० टक्के अ संपलेला आहे, आणि त्यामुळेच त्या आकड्यांवर विसंबता येते.

तुमची डायनायट्रोजन पेंटॉक्साइडविषयीची शंका रास्त आहे आणि ती छपाईची चूक नाही. त्या विघटनाचे संतुलित समीकरण लिहिताना पेंटॉक्साइडचे दोन रेणू घेतले जातात, त्यांपासून नायट्रोजन डायऑक्साइडचे चार आणि ऑक्सिजनचा एक रेणू तयार होतो. आता ‘अभिक्रियेचा वेग’ कशाला म्हणायचे? एक पुस्तक पेंटॉक्साइड नाहीसा होण्याच्या वेगालाच अभिक्रियेचा वेग म्हणते. दुसरे पुस्तक त्या वेगाला सहगुणकाने, म्हणजे दोनने, भागते, जेणेकरून कोणत्याही घटकाकडे पाहिले तरी अभिक्रियेचा वेग एकच यावा. दुसऱ्या पद्धतीत के निम्मा होतो आणि समाकलित सूत्रात के × वेळ याऐवजी २ × के × वेळ येते. अर्धायुकाल मात्र दोन्ही पुस्तकांत एकच निघतो, कारण पात्रात जे घडते ते आपल्या व्याख्येने बदलत नाही. के ची किंमत कोठूनही उचलताना वेगाची व्याख्या कोणती घेतली आहे ते आधी पाहावे, आणि शंका आली तर अर्धायुकालाशी ताडून पाहावे. तुमच्या गणितात अ चा सहगुणक एक आहे, म्हणून तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

पहिला प्रतिसाद देणारा, पुन्हा

तुमची रीत अचूक आहे. सल्फ्युरिल क्लोराइडचे सल्फर डायऑक्साइड आणि क्लोरीन यांत होणारे विघटन नेमके याच साच्यातील आहे. फक्त ‘४०० + क्ष’ हे प्रत्येक अभिक्रियेला लावू नका. पेंटॉक्साइडच्या बाबतीत वायूच्या दोन रेणूंचे पाच होतात, म्हणून त्याचा दाब क्ष ने कमी झाला की एकूण दाब दीड क्ष ने वाढतो. दर वेळी समीकरणापासून सुरुवात करावी.

विल्हेल्मीच्या मापनातही हीच खबरदारी लागते. साखर पूर्ण विघटित झाल्यावरही द्रावण प्रकाशाचे प्रतल वळवतच राहते, पण विरुद्ध दिशेने. त्यामुळे कोनाचा लॉगरिदम सरळ घेऊन चालत नाही. प्रत्येक कोनातून अभिक्रिया संपल्यानंतरचा कोन वजा करावा लागतो, आणि ती वजाबाकी उरलेल्या साखरेच्या समप्रमाणात असते. तुमचे गणितही असेच सोडवता येते: सगळा अ संपल्यावर एकूण दाब ८०० होईल, आणि ८०० मधून त्या क्षणीचा एकूण दाब वजा केला की अ चा दाब मिळतो. राशी कोणतीही मोजा, ती शेवटी कोठे जाऊन थांबते हे कळल्याशिवाय लॉगरिदमला हात लावू नये.

साखरेच्या त्या अभिक्रियेत पाणीही भाग घेते, पण ते इतके विपुल असते की त्याची संहती जवळजवळ बदलत नाही, आणि आम्ल उत्प्रेरक असल्यामुळे खर्ची पडत नाही. म्हणून ती प्रथम कोटीची असल्यासारखी वागते; तिला छद्म प्रथम कोटीची अभिक्रिया म्हणतात. तेथे मिळणाऱ्या वेग स्थिरांकात आम्लाच्या संहतीचा प्रभाव मिसळलेला असतो, म्हणून आम्लाचे प्रमाण बदलले की तो बदलतो.

प्रश्नकर्ती

८०० मधून वजा करण्याची रीत फारच सुटसुटीत आहे. २०, ४० आणि ६० मिनिटांची वाचने मी त्या रीतीने पुन्हा ताडून पाहिली आणि तीच उत्तरे आली. पेंटॉक्साइडची दोन्ही पुस्तकेही पुन्हा उघडली. एकात वेगाच्या व्याख्येत एक-द्वितीयांश लिहिलेला आहे आणि त्याच पुस्तकातील के निम्मा आहे. इतके दिवस त्या एक-द्वितीयांशावरून माझी नजर नुसती फिरून जात होती.

गणिताचा राहिलेला भाग आता असा सोडवला. एकूण दाब ७६० असताना अ चा दाब ८०० − ७६०, म्हणजे ४० मिलिमीटर, आणि तो सुरुवातीच्या दाबाचा दहावा भाग आहे. दहाचा नैसर्गिक लॉग २.३०३, त्याला ०.०२० ने भागले की ११५ मिनिटे. पुस्तकाच्या शेवटी उत्तर ११५ मिनिटे असेच दिले आहे.