मदत हवी आहे : साक्रीकडच्या जुन्या काळ्या मेंढ्यांचे मूळ कसे तपासायचे?

नमस्कार मंडळी,

माझे मामा ठेलारी, म्हणजे मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगरी समाजातले. वाडा (मेंढपाळांचा तळ) आमच्या खान्देशातल्या, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातला. दिवाळी झाली की घोड्यांवर बिऱ्हाड लादून तापीकाठाला उतरतात, पावसाळ्याच्या तोंडावर परत. कळपात आता बहुतेक मेंढ्या पांढऱ्या-तांबूस, उंच पायांच्या आहेत. पण काही म्हाताऱ्या मेंढ्या सरळ वेगळ्या दिसतात. अंगाने लहान, काळ्याभोर, नाकाचा बांसा कमानीसारखा वर आलेला, लोकर हाताला राठ. मामा अहिराणीत म्हणतात, "ह्या आठल्याच शेतस", म्हणजे ह्या इथल्याच आहेत. मला ते तपासून घ्यायचे आहे, तेही त्या मेंढ्या जिवंत असताना.

घाई यासाठी की काळ्या मेंढीला आता कोणी विचारत नाही. घोंगडी विणणारे सरले, लोकर कातरायची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही. पैसा मटणाचा, म्हणून वाढीचा नर हवा. दख्खनी म्हणजे दख्खनच्या पठारावरची नेहमीची मेंढी. तिच्यावर आधी लोकर सुधारायला मेरिनो आणि रॅम्बुले या विदेशी जातींचे नर घातले गेले, पुढे मांसासाठी माडग्याळ, नेल्लूर या देशी जातींचे. आमच्याकडेही नर बाजारातून येतो, तीन-चार वर्षांनी बदलतो. मेंढी मात्र मामांच्या घरात सहसा विकत नाहीत, आईची लेक, लेकीची लेक अशी ओळ चालू राहते.

इथेच माझा प्रश्न अडलाय. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या भागाचा डीएनए फक्त आईकडून येतो आणि नरातले वाय गुणसूत्र (डीएनएचा एक धागा) फक्त बापाकडून. मग आमच्या कळपात आईकडचा धागा जुना आणि बापाकडचा परका असेल का? दोन्ही वेगवेगळे पाहता येतात का?

थोडे वाचले आहे. पाळीव मेंढी साधारण साडेदहा-अकरा हजार वर्षांपूर्वी आग्नेय तुर्कस्तान ते झाग्रोस पर्वताच्या पट्ट्यात आशियाई मुफलॉन या रानमेंढ्यापासून घडली. आपल्याकडच्या मेंढ्या उरियल या दुसऱ्या रानमेंढ्यापासून आल्या असे पूर्वी मानायचे, पण उरियलची गुणसूत्रे 58, पाळीव मेंढीची आणि मुफलॉनची 54. म्हणजे मूळ बाहेरचेच, हे मला मान्य आहे. पण आमच्याच तालुक्यात कान नदीकाठी कावठ्याला चार हजार वर्षांपूर्वीची, ताम्रपाषाण काळातल्या सावळदा संस्कृतीची वस्ती सापडली आहे. इतक्या जुन्या वस्तीच्या मुलखात मेंढीची स्वतःची शाखा तयार झाली असेल का, की ही नुसती दख्खनीच? नमुना कुठे द्यायचा, किती मेंढ्यांचा, आणि तोवर काय जपायचे, कृपया सांगा.

प्रतिसाद १

दादा, प्रश्न योग्य जागी अडलाय. पण एकट्या मायटोकॉन्ड्रियावर विसंबू नका. आईकडच्या या डीएनएवरून मेंढ्यांचे गट पाडतात, आणि भारतातल्या बहुतेक मेंढ्या त्यातल्या 'ए' गटात मोडतात, दख्खनी काय नि मारवाडी काय. त्यातून "आशियाई" एवढेच कळेल, "खान्देशी" कळणार नाही. जाती वेगळ्या करायला सगळ्या गुणसूत्रांवरच्या खुणा लागतात. 2012 साली 74 जातींच्या 2,819 मेंढ्यांचा असा अभ्यास झाला, त्यात दख्खनी आणि बंगालची गॅरोलही होती. त्यात दिसले की बहुतेक जातींमध्ये विविधता भरपूर टिकून आहे आणि जातींची एकमेकींत सरमिसळही बरीच झाली आहे. तेव्हा शुद्ध खान्देशी मेंढी सापडेल अशी आशा धरू नका. किती जुने शिल्लक आहे, एवढे विचारा.

नमुन्यासाठी एकमेकींच्या नात्यात नसलेल्या चाळीसेक मेंढ्या हव्यात, वेगवेगळ्या गावांतल्या. एकट्या मामांचा कळप पुरणार नाही, कारण तो एक कुटुंब आहे. रक्त पशुवैद्यकाकडूनच काढून घ्या, ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत. कर्नालचे राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो हे जातींच्या नोंदणीचे ठिकाण. आपल्याकडे नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाला पत्र लिहा. आधी फोटो आणि मापे तयार ठेवा: छातीचा घेर, खांद्याची उंची, अंगाची लांबी, कानाची लांबी.

आता जपण्याचे. शंभर मेंढ्यांना दोनच नर असतील तर आनुवंशिक हिशेबाने तो कळप फक्त आठ जनावरांएवढा असतो, कारण सगळ्या पिल्लांचा बापाकडचा वाटा त्या दोघांचाच. पाच नर ठेवले तर एकोणीस. मेंढ्या वाढवून हा आकडा फारसा हलत नाही, नर वाढवावे लागतात. म्हणून काळ्या मेंढीच्या पोटी काळा नर झाला तर तो खाटकाकडे जाऊ देऊ नका.

प्रतिसाद २

भाऊ, आम्ही चाळीसगावकडचे. आमच्या वाड्यात अशा काळ्या मेंढ्या आहेत. उन्हाळ्यात चारा संपला की तांबड्या आधी खंगतात, काळ्या बोरी-बाभळीच्या शेंगांवर निभावून नेतात. नराची अदलाबदल करायला तयार आहे. आपली नाती लागत नाहीत, म्हणून बरे.

मूळ धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. नरांचा हिशेब मामांना समजावला. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, यंदाचे दोन काळे नर ठेवू. त्यांचा खर्च वर्षभर मी उचलणार आहे.

चाळीसगावकर भाऊ, अदलाबदल नक्की. तुमच्या नराची आई काळीच होती का, एवढे कळवा. दोंडाईचा, नरडाणा, शहादा, पारोळा या बाजूला कोणाकडे अशा मेंढ्या असतील तर बाजूने काढलेला एक फोटो आणि गावाचे नाव इथेच टाका. वेगवेगळ्या गावांच्या चाळीस जमल्या की विद्यापीठाला पत्र टाकतो.