सडबरीची वेसाइड इन: 1716 म्हणजे नेमकं काय?
अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सडबरी गावची ‘वेसाइड इन’ ही जुनी खानावळ. 1716 ला तिचं ‘बांधकामाचं साल’ म्हटलं जातं, पण ते खानावळीच्या परवान्याचं साल आहे. डेव्हिड हाऊचं दोन खोल्यांचं घर आधीपासून होतं. बोस्टन पोस्ट रोड या जुन्या टपालमार्गावरची वर्दळ पाहून त्यानं तिथेच खानावळ काढली. पुढे खोल्या जोडत गेले. ‘वेसाइड इन’ हे नावही मूळचं नव्हे, ते अमेरिकन कवी लाँगफेलोच्या 1863 च्या काव्यानंतर रुजलं. त्याआधी ती ‘रेड हॉर्स’.

1923 मध्ये हेन्री फोर्डनं ती विकत घेतली. शेजारची दगडी पिठाची गिरणी त्याचीच, 1929 ची. पर्यटक तिला हमखास वसाहतकालीन समजतात! 1955 च्या आगीत इमारतीचा बराच भाग जळाला, 1958 मध्ये ती पुन्हा उघडली. म्हणून तिथली प्रत्येक तुळई ‘मूळची’ समजू नये.

त्या काळच्या खानावळींतलं ‘फ्लिप’ म्हणजे बिअर, रम आणि काकवी, त्यात लालबुंद तापवलेली सळई बुडवायची. सळई कमी तापली तर नुसता फेस येतो, करपट चव नाही.